घर पारखून माणूस देणाऱ्या काकू

माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं, आणि सासर साताऱ्याचं. मधलं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा करत एसटीनं सकाळी निघालं की जेवायच्या वेळेला आईच्या दारात. आई धडधाकट होती तोवर हे अंतर मला कधी जाणवलंच नाही. २०१६ च्या पावसाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं, आणि तेच अंतर अंगावर यायला लागलं. वडील आधीच गेलेले, भाऊ बेंगळुरूला, माझी साताऱ्यात शाळेची नोकरी. डिस्चार्ज देताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की औषधांचं काम आता थोडं, यापुढचं सगळं तिचं करणाऱ्या माणसावर.

त्यानंतरची आईची वर्षं सुखाची गेली, ती दोन बायकांमुळे. एक अक्का, ज्यांनी तिचं सगळं केलं. दुसऱ्या काकू, ज्यांनी अक्कांना आमच्या घरी आणलं आणि शेवटपर्यंत दोन्हीकडचं सांभाळलं. अक्कांचे उपकार घरातल्या प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिले. काकूंचं ऋण मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ब्युरो चालवणारी, कमिशन घेणारी बाई, एवढीच तिची ओळख लोकांना असते. म्हणून मुद्दाम त्यांच्याविषयी लिहिते आहे.

सुरुवातीचे दिवस नुसत्या धावपळीत गेले. जो तो एक फोन नंबर द्यायचा. एका ब्युरोनं आधी नोंदणीचे पैसे भरून घेतले आणि दोन दिवसांनी एक बाई पाठवली. तिला सांगितलं होतं, 'म्हाताऱ्या बाईंना नुसती सोबत करायची.' आम्हाला सांगितलं होतं, 'पेशंटचं सगळं येतं.' बेडपॅन कसं द्यायचं हेही त्या बिचारीला ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी ती पिशवी उचलून गेली. तिचा काही दोष नव्हता. दोन्हीकडे अर्धंमुर्धं सांगून माणूस घरात बसवला, की याहून वेगळं काही होत नाही.

आईला फिजिओथेरपीसाठी मिरजेला नेत होतो, तिथल्या एका मावशींनी काकूंचं नाव सुचवलं. मिरजेत हे व्हावं यात नवल नाही. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल उभारलं आणि ते गाव दवाखान्यांचं झालं. आजही कर्नाटकातून, पार विजापूरकडून पेशंट मिरजेला येतात. जिथं एवढे पेशंट, तिथं पेशंटचं करणाऱ्या बायकाही पिढ्यान् पिढ्या तयार होत आल्या. काकू त्यांतल्याच. मिरजेतल्या एका दवाखान्यात त्या अनेक वर्षं आया होत्या. काम सोडल्यावर लोक घरी येऊन 'एखादी चांगली बाई द्या' म्हणायला लागले, त्यातून ब्युरो उभं राहिलं. ऑफिस म्हणजे राहत्या घराची पुढची खोली, एक टेबल, भिंतीवर कॅलेंडर आणि हिशेबाची असते तशी लांबट, लाल कापडी बांधणीची वही.

मी फोनवर विचारलं, "बाई कधी पाठवाल?"

"बाई नंतर. आधी मी येते, घर बघते," काकू म्हणाल्या.

आणि खरोखरच त्या आल्या. नऊवारी नेसलेल्या, हातात पिशवी, पिशवीत ती वही. चहा नको म्हणाल्या आणि थेट आईच्या खोलीत गेल्या. बाईसाठी ठेवलेल्या कॉटची गादी त्यांनी हातानं दाबून बघितली. न्हाणीघरापर्यंत किती पायऱ्या आहेत, दाराला आतून कडी लागते का, रात्री कुठला दिवा चालू असतो, सगळं बघितलं. मग एकेक विचारायला लागल्या. बाईचं ताट कोण वाढणार? घरात पुरुषमाणूस कोण कोण येतं-जातं? पगार कोणाच्या हातून मिळणार आणि कोणत्या तारखेला? ती आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेणार? पोरगी द्यायची म्हणून आलेल्या माणसानं विचारावं तसं त्यांचं विचारणं होतं. मी उत्तरं देत होते आणि त्या वहीत टिपून घेत होत्या.

माझं संपल्यावर त्यांनी एक स्टूल ओढलं, आईच्या डोळ्यांच्या पातळीला येतील अशा बसल्या आणि म्हणाल्या, "आज्जी, तुमाला कशी बाई पायजे?" आईला शब्द जुळवायला वेळ लागत होता. मी मध्ये बोलणार तेवढ्यात काकूंनी मला हातानं थांबवलं. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "हळू... बोलणारी." काकूंनी तेही लिहून घेतलं. नंतर तिला हलकेच कुशीवर वळवून माकडहाडापाशी दोन बोटं दाबून बघितली. "हितं लाल व्हायला लागलंय. दोन-दोन तासाला कूस बदलायला पायजे. बाई यायच्या आदी हवेची गादी आणून ठेवा." आईच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही, त्याची सुरुवात त्या दोन बोटांपासून झाली.

मग त्यांनी आपल्या अटी सांगितल्या. बाई फक्त आईचं करणार. धुणं, भांडी, फरशी हे वरकाम तिच्याकडे नाही. पगार पाच तारखेच्या आत, तिच्या हातात किंवा तिच्याच खात्यात. महिन्याला चार सुट्ट्या, त्या दिवशीची बदली बाई काकू देणार. कमिशन आमच्याकडून वर्षाला एकदा. बाईच्या पगारातून दमडीही घ्यायची नाही. या धंद्यात दरमहा बाईच्या पगारातून कापून घेणारे पुष्कळ असतात. मी कारण विचारलं तर त्या म्हणाल्या, "तिच्या घामाचं तिला. माझं काम तुमचं हाय, मला तुमी द्या." आणि उठता उठता शेवटची अट, "काय पटलं न्हाई तर मला सांगायचं, तिला टाकून बोलायचं न्हाई. तिलाबी मी हेच सांगिटलंय."

आठवड्याभरानं अक्का आल्या. जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या, उमदीच्या बाजूच्या. तिकडं घरात कन्नड बोलतात, त्यामुळे त्यांचं मराठी जरा थांबत थांबत यायचं. आईचंही बोलणं तसंच झालेलं. दोघींचं सूत जमायला हे एक कारण पुरेसं झालं. घाई कोणालाच नव्हती. पावसावरची जिरायती शेती, वर्षाआड दुष्काळ, नवरा ऊसतोडीला, पोरगं शिकणारं; अक्कांच्या घराची चूल त्यांच्या पगारावर पेटत होती. सकाळी आईचं अंग पुसून झालं की त्या तिच्या उजव्या हाताचं एकेक बोट उघडून, तेलाचा हात लावून, पुन्हा मिटवायच्या आणि कन्नडमध्ये आकडे मोजायच्या. ओंदु, एरडु, मूरु. काही महिन्यांनी आई त्यांच्या मागोमाग दहापर्यंत मोजायला लागली. डॉक्टरांनी तो व्यायाम बोलण्यासाठीही चांगला म्हणून सांगितलं. आईला गिळायला त्रास व्हायचा, तर भाकरी दुधात कुस्करून, पीठ चाळणीतून घ्यावं तशी गाळून भरवायच्या. हे त्यांना कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर काकूंनी, असं उत्तर आलं. नव्या बाईला कामावर पाठवण्याआधी काकू आठ-दहा दिवस घरी ठेवून घेत, आपल्याच अंगावर कूस बदलायला, उचलायला, भरवायला शिकवत.

काकूंचा दर आठवड्याला फोन यायचा. एक मला साताऱ्याला, एक अक्कांना. दोघींना वेगवेगळं विचारायच्या. मार्गशीर्षात जतला यल्लम्मा देवीची यात्रा भरते, त्या वेळी अक्कांना गावी जायचंच असायचं. काकू बदली बाईला दोन दिवस आधी आणून बसवत, म्हणजे आईची तिच्याशी ओळख व्हावी आणि अक्कांनी स्वतः सगळं समजावून मग निघावं. दिवाळी जवळ आली की काकू स्वतः घरी येऊन पगारवाढीचं बोलत. अक्कांनी आपण होऊन कधी एक रुपया जास्त मागितला नसता. भिडस्त माणसाचं मागणं मांडायला दुसरं माणूस लागतं, आणि ते अक्कांकडे होतं. पोराच्या फीसाठी उचल हवी असली, तरी ती किती, किती महिन्यांत फेडायची, हे काकू तिघींच्या समोर वहीत लिहीत आणि अक्कांचा अंगठा नव्हे, सही घेत. सही करायलाही त्यांनीच शिकवलं होतं.

आईची तब्येत सावरल्यावर एका नातेवाइकांनी सल्ला दिला, की बाई आता घरची झाली, परस्पर ठरवून टाक, दर वर्षीचं कमिशन वाचेल. सांगलीत काय आणि साताऱ्यात काय, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि सर्रास मानला जातो. चांगली ब्युरो त्यानंच बुडतात. मी तो मानला नाही, कारण त्या पैशांत काय मिळतं ते मला दिसत होतं. रात्री दोन वाजता फोन उचलणारं माणूस मिळत होतं. अक्का तापानं फणफणल्या त्या दिवशी दुपारपर्यंत दारात उभी राहिलेली बदली बाई मिळत होती. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे, आमच्या घराबद्दल काही खुपलं तर ते जाऊन सांगायला अक्कांना एक जागा मिळत होती. घरात राहून काम करणाऱ्या बाईला भिंतीबाहेर अशी जागा नसेल, तर तिचं सगळं सुखदुःख मालकाच्या मर्जीवर चालतं. दर वर्षी पाडव्याला मी मिरजेला जाऊन काकूंचं कमिशन त्यांच्या हातात दिलं, आणि त्यांनी दर वर्षी माझ्यासमोर वहीत जमा करून पावती फाडली. विश्वास होता म्हणून पावती टळली नाही. पावती चोख होती म्हणून विश्वास वाढत गेला.

त्या विश्वासाची कसोटी २०१९ च्या ऑगस्टमध्ये लागली. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५, हे आकडे गावभागातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. २००५ च्या पुराची खूण मनात धरून सगळे घरात बसले होते. पाणी चाळिशीला टेकलं तेव्हाच काकूंचा मला फोन आला. "ताई, आज्जींना आजच हलवायचं. उद्या गाडी मिळायची न्हाई." त्यांनीच रुग्णवाहिका ठरवली. अक्कांनी हवेची गादी, औषधांचा डबा आणि आईचा चष्मा सोबत घेतला, आणि संध्याकाळच्या आत आई विश्रामबागला माझ्या मामेबहिणीकडे पोहोचली. पुढं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घराचा खालचा मजला बुडाला. सांगलीवाडीच्या पलीकडं रस्ता राहिला नव्हता. मी साताऱ्यात टीव्हीसमोर बसून होते. त्या आठवड्यात काकू मिरजेच्या घरात वही उघडून बसल्या होत्या. सांगलीतल्या कुठल्या घरात कोण पेशंट, त्याचं करणारी बाई कोण, कोण चालू शकतं, कोणाला उचलूनच न्यावं लागेल, हे सगळं त्या वहीत होतं. एकेका घरी फोन करून त्यांनी आपले पेशंट आणि आपल्या बायका बाहेर काढल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची अशी यादी त्या वेळी शहरात आणखी कोणाकडे असेल, असं मला वाटत नाही.

पूर ओसरल्यावर घर धुऊन निघालं आणि काकू एक फॉर्म घेऊन आल्या. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना त्यात नोंदणी करता येते, पण त्यासाठी ज्या घरात काम आहे त्या घरानं, ही बाई आमच्याकडे काम करते, असं लिहून द्यावं लागतं. बऱ्याच घरांचं घोडं इथंच अडतं. सही केली म्हणजे उद्या काही अंगाशी येईल, अशी लोकांना भीती वाटते. काकू प्रत्येक घरी जाऊन ही सही मिळवत आणि दर वर्षी नूतनीकरणासाठी बायकांच्या मागं लागत. मी सही करताना त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या साताऱ्याकडच्या माणसांनी हमालांना कायदा मिळवून दिला. आमच्या बायकांना मिळायला किती वर्षं लागली बगा."

ते खरंच होतं. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या गोद्यांत पाठीवर ओझी वाहणारे सातारा भागातले गडी एकत्र केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालक रोज वेगळा असला तरी हमालाच्या मागं एक मंडळ उभं राहिलं. घरकाम करणाऱ्या बायकांनी पुण्यात १९८० साली संप केला, संघटना उभी केली. त्यांच्यासाठी मंडळाचा कायदा यायला २००८ उजाडलं. दोन्ही कष्ट एकाच मुलखातल्या माणसांचे. नवरा मुंबईला माथाडी आणि बायको गावाकडं कोणाच्या तरी घरी धुण्याभांड्याला, अशी घरं साताऱ्याच्या डोंगराकडेला मी पाहिलेली आहेत.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. सांगली जिल्ह्यातले पहिले रुग्ण इस्लामपूरला सापडले, म्हणजे माझ्या माहेरच्या रस्त्यावरच. गल्लोगल्ली कामवाल्या बायकांना दारातूनच परत पाठवायला लागले. अक्का घरातच राहत होत्या म्हणून आईचं निभावलं, पण दिवसपाळीच्या कित्येक बायकांचं काम एका रात्रीत गेलं. काकूंनी आपल्या घरांना फोन लावले. बाईला येऊ देत नसाल तर निदान अर्धा पगार चालू ठेवा, असं सांगितलं. काहींनी ऐकलं. पुढच्या वर्षी सरकारनं नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांना दीड हजार रुपयांची मदत जाहीर केली. रक्कम मोठी नव्हती, पण ती फक्त नोंदणी असलेल्यांसाठी होती, आणि अक्कांच्या खात्यात ती आली. मोबाइलवरचा मेसेज त्यांनी आईला दाखवला. सरकारच्या वहीत आपलं नाव आहे, याचा त्यांना पैशांहून जास्त आनंद झाला होता.

२०२२ च्या थंडीत आई गेली, झोपेत, अक्कांच्या हाताशी. तिसऱ्या दिवशी काकू आल्या. बराच वेळ अक्कांजवळ बसल्या, मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पेशंट गेला की बाईचं घर आन् काम दोन्ही एका दिवसात जातं. आन् रडायलाबी तिला सवड मिळत न्हाई, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या घरी उभं राहावं लागतं. तेराव्यापर्यंत तिला हितंच ऱ्हाऊ द्या. पुढचा पंधरा दिवसांचा पगार द्या. मग मी तिला गावाकडं धाडते, आन् तिला वाटलं की मगच नवं घर बगते." इतक्या वर्षांत माझ्या मनात हा विचार कधी आला नव्हता. चांगली सेवा करून माणूस शांतपणे जाऊ दिला, याचं बक्षीस म्हणून या कामात बेकारी येते. ते दुखणं काकूंना ठाऊक होतं, कारण त्यांनी ते आपल्या बायकांच्या वाट्याला येताना पाहिलं होतं. दहाव्याला भावानं अक्कांना घरच्या माणसांच्या पंगतीत बसवलं. तेरावं झाल्यावर आईची पैठणी त्यांना दिली. महिन्याभरानं काकूंनी त्यांना माधवनगरला एका घरी लावलं. ते घरही काकू आधी बघून आल्या होत्या.

आता साताऱ्यात माझ्या सासूबाई थकल्या आहेत. मी साहजिकच काकूंना फोन केला. त्यांनी बाई दिली नाही. "माझ्या बायकांना साताऱ्याहून घर लांब पडतं. पोराला बरं न्हाई म्हणून कळलं तर संध्याकाळपर्यंत पोचता यायला पायजे. तितलीच कोण तरी बगा." धंद्यात आलेलं काम त्यांनी बाईच्या सोयीसाठी सोडलं, आणि फोन ठेवण्याआधी मला गोडोलीजवळ ब्युरो चालवणाऱ्या एका ओळखीच्या तरुण मुलीचा पत्ता दिला. तिनं पाठवलेल्या ताई खटावच्या आहेत. त्या मुलीकडं जाण्याआधी मी स्वतः एका कागदावर लिहून काढलं, की आमच्या घरात झोपायची जागा कोणती, पगाराची तारीख कोणती, सुट्ट्या किती, रागावणारं माणूस कोण. तिनं तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, की असं कोणी आधी दिलेलं नाही.

२०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार व्हावा म्हणून समिती नेमायला केंद्राला सांगितलं. असा कायदा झाला तर मला फार आनंद होईल, आणि त्यात काकूंसारखं काम चोख करणाऱ्या ब्युरोंना मान आणि बाईच्या पगारावर जगणाऱ्या ब्युरोंना चाप असावा, असं मनापासून वाटतं. तोवर काकूंचं ऋण फेडायला माझ्या हातात एक सही आहे. आमच्या गल्लीतल्या बायकांचे नोंदणीचे फॉर्म मी भरून देते, आणि ज्या घरांना लिहून द्यायची भीती वाटते त्यांच्याकडे स्वतः जाऊन बसते. कालच एका घरानं नाही म्हटलं. रविवारी मी पुन्हा जाणार आहे.